वाचलेला वेळ कुणाच्या पदरात?

संपर्काची साधने हाताशी आली की माणसांचे जाणे-येणे कमी होते, ही समजूत खरी असती तर भाद्रपदात कोकणात जाणाऱ्या गाड्या रिकाम्या धावल्या असत्या. मुंबईतल्या चाकरमान्याच्या हातात स्मार्टफोन आहे आणि गावच्या घरातही आहे. घरच्या गणपतीची आरती व्हिडिओ कॉलवर बघता येते, सामानाचे पैसे यूपीआयने क्षणात पोचतात, थोरल्यांना नमस्कारही पडद्यावरून करता येतो. तरीही २०२५ च्या गणेशोत्सवासाठी रेल्वेला ३८० विशेष फेऱ्या जाहीर कराव्या लागल्या. नेहमीच्या गाड्यांची आरक्षणे खुली झाली आणि काही मिनिटांत संपली. ज्यांना तिकीट मिळाले नाही ते एसटीने, खासगी बसने, कुणाच्या तरी गाडीत दाटीवाटीने बसून मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांतून गेले. फोनने त्यांना घरी बसवले नाही. कुणी कधी निघायचे, मखराचे सामान कुणी न्यायचे, कुणाच्या गाडीत एक जागा शिल्लक आहे, हे सारे उलट फोनवरच ठरले.

जाणत्या माणसांची अपेक्षा मात्र वेगळी होती. १९६४ साली बीबीसीच्या ‘होरायझन’ या कार्यक्रमात आर्थर सी. क्लार्क यांनी भाकीत केले की पन्नासेक वर्षांत माणूस लंडनमधून चालवतो तितक्याच सहजपणे ताहिती किंवा बालीमधून आपला व्यवसाय चालवेल आणि कामासाठी रोज ये-जा करण्याची गरज उरणार नाही. १९७३ साली अमेरिकेत जॅक नाइल्स यांनी नोकरदारांचा रोजचा प्रवास दूरसंचाराने कसा वाचेल याचा अभ्यास हाती घेतला. १९९७ साली फ्रान्सिस केअर्नक्रॉस यांचे ‘द डेथ ऑफ डिस्टन्स’ हे पुस्तक आले आणि अंतर आता निकालात निघाले, असा सूर जगभर लागला. यातला अर्धा भाग खरा ठरला. व्यवसाय आज खरोखरच कुठूनही चालतो. पण प्रवास थांबला नाही. भारतातल्या देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या २०१९ साली साधारण १४ कोटी ४० लाख होती. महासाथीच्या काळात पडद्यावरच्या बैठका सर्वांच्या अंगवळणी पडल्या आणि बैठकीसाठी विमान लागत नाही हे सगळ्यांनी अनुभवले. त्यानंतर, २०२४ साली, हीच संख्या १६ कोटींच्या पुढे गेली.

मला मांडायचे आहे ते असे. संपर्काच्या साधनांनी एकूण प्रवास घटत नाही. त्याची कारणे बदलतात आणि तो करणारी माणसे बदलतात. या साधनांनी वेळ वाचतो हे खरे, पण ज्याचा वेळ वाचला त्यालाच तो मिळतो असे नाही. घरात, कचेरीत, सरकारदरबारी ज्याची सत्ता चालते तो त्या वाचलेल्या वेळेवर आधी हात ठेवतो. जमिनीच्या आणि पाण्याच्या वाटपावर महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली, चळवळी झाल्या, कायदे झाले. वेळेच्या वाटपाबद्दल आपण अजून तोंडही उघडलेले नाही.

निरोप आणि वाहन यांचे नाते फार जुने आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १८५५ साली तारसेवा सर्वसामान्यांना खुली झाली. रुळांच्या कडेकडेने तारेचे खांब उभे राहिले. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ द्यायच्या नसतील, तर पुढच्या स्टेशनला आधी निरोप जावा लागतो. तार होती म्हणून त्याच रुळांवर जास्त गाड्या सोडता आल्या. पुढे १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७० साली समुद्राखालच्या केबलने मुंबई लंडनशी जोडली गेली. विलायतेतला कापसाचा भाव मुंबईच्या व्यापाऱ्याला काही तासांत कळू लागला. भाव घरबसल्या कळला म्हणून कापसाची जहाजे बंदरात पडून राहिली नाहीत. भावाचा अंदाज घेऊन माल पाठवणे अधिक बिनधोक झाले. निरोप आणि वाहन पहिल्यापासून एकमेकांना पोसत आलेली आहेत.

वेळेच्या वापराचेही असेच आहे. नुसत्या यंत्राच्या वेगावरून माणसाचा दिवस कसा जाईल हे सांगता येत नाही. यंत्र कोणत्या अटींवर हातात येते ते बघावे लागते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत एसटीडीला रात्री उशिरा पाव दर लागू होई. त्या पाव दरासाठी गावोगावची माणसे जेवून, आवरून, डोळ्यांवरची झोप हटवत बूथबाहेर रांगेत उभी राहत. पेटीवरचे लाल आकडे पळत असत आणि त्या आकड्यांकडे बघत, आवंढा गिळत, मुलीच्या सासरची ख्यालीखुशाली विचारली जाई. दरपत्रकातल्या एका ओळीने लाखो घरांची झोपायची वेळ ठरवली होती. मोबाइल नवा होता तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, म्हणून लोकांनी मिस्ड कॉलची खूण शोधली आणि ‘पोचलो’ हा निरोप फुकटात धाडला. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. बोलण्याचे पैसे वाचले आणि पडद्यासमोर तास जाऊ लागले. तिन्ही वेळा अटी दुसऱ्या कुणीतरी ठरवल्या आणि दिवस आपला बदलला.

आता प्रवास वाढतो तो का, हे जरा जवळून पाहू. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी तिथल्या तारली मासळीच्या बाजारांचा अभ्यास केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यातला एका सकाळचा प्रसंग लक्षात राहण्यासारखा आहे. १४ जानेवारी १९९७ रोजी बडगराच्या किनाऱ्यावर अकरा मच्छीमारांना गिऱ्हाईक मिळाले नाही आणि धरून आणलेली मासळी त्यांना फेकून द्यावी लागली. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आतल्या दोन बाजारांत सत्तावीस खरेदीदार मासळीविना रिकाम्या हाताने परत निघाले होते. कुणाला कुणाची खबर नव्हती. फोन येण्याआधी बहुतेक सगळे मच्छीमार आपल्याच गावच्या किनाऱ्यावर मासळी विकत, कारण इंधन जाळून दुसरीकडे जावे आणि तिथेही भाव नसावा ही जोखीम परवडणारी नव्हती. फोन आल्यावर ते समुद्रातूनच चार ठिकाणी भाव विचारू लागले आणि त्यांच्यातला जवळपास तिसरा हिस्सा परगावच्या बाजारात नाव लावू लागला. फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ संपली. मच्छीमाराचा नफा वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी थोडी स्वस्त मिळू लागली. म्हणजे फोनने होड्यांचा प्रवास लांबवला आणि तरीही सगळ्यांचे भले झाले, कारण त्या प्रवासातला आंधळेपणा गेला.

नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव इथले सकाळचे लिलाव सुरू झाले की भाव व्हॉट्सअॅपच्या गटांवर फिरू लागतात. ट्रॅक्टर भरून उभा असतो आणि तो कुठल्या दिशेला वळवायचा हे त्या भावावर ठरते. पूर्वी जवळची बाजार समिती हीच आपली बाजार समिती असे. आता चार पैसे जास्त दिसले तर शेतकरी दहा-वीस किलोमीटर पुढे जायला तयार होतो. भाव पडलेला असेल तर ट्रॅक्टर घरीच थांबतो. एक खेप वाढली, एक टळली. हिशेबाच्या वहीत प्रवास तेवढाच राहिला, पण त्यातली फुकट गेलेली खेप कमी झाली.

शहरातले कारण थोडे वेगळे आहे. सत्तरच्या दशकात याकोव्ह झहावी यांनी वेगवेगळ्या शहरांतल्या प्रवासाच्या नोंदी तपासून एक निरीक्षण मांडले आणि पुढे १९९४ साली चेझारे मार्केटी यांनी त्याला व्यापक रूप दिले. माणसे सरासरी दिवसाला तासाभराच्या आसपास प्रवासाला देतात. वाहन वेगवान झाले तर तो तास वाचवत नाहीत, तेवढ्याच वेळात लांब जातात किंवा लांब राहायला जातात. मुंबईत हा तास कधीच ओलांडला गेला आहे, कारण इथे घराच्या किमती माणसाला बदलापूर, कर्जत, विरारपर्यंत ढकलतात. त्या ढकलण्याला फोनने हातभार लावला. एकेकाळी लोकलच्या डब्यात भजनी मंडळे रंगत, बायका संध्याकाळची भाजी निवडत, वर्तमानपत्राची पाने हातोहात फिरत. आज बहुतेकांच्या माना पडद्यावर आहेत. कुणी मालिका बघतो, कुणी बँकेची कामे उरकतो, कुणी कचेरीच्या मेलला उत्तर देतो. दीड तास आता ‘फुकट’ जात नाही, म्हणून दीड तास लांबचे घर घेणे मनाला पटते. प्रवासाचा त्रास फोनने कमी केला नाही, सहन होण्याजोगा केला. सहन होणारी गोष्ट सुधारण्याची घाई कुणालाच नसते.

ही सहनशीलता जीव घेते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलमधून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. महासाथीपूर्वी रोज सुमारे ७५ लाख प्रवासी वाहणाऱ्या या व्यवस्थेत सकाळच्या त्याच दोन-तीन तासांत सगळे शहर एका दिशेने का लोटले जाते, हा प्रश्न आहे. ज्यांचे काम संगणकावर चालते त्यांतल्या कितीतरी जणांनी दहाच्या ठोक्याला खुर्चीत असण्याचे तांत्रिक कारण उरलेले नाही. कार्यालयांच्या वेळा पुढे-मागे कराव्यात अशी विनंती मध्य रेल्वेनेही केली होती. साधन हाताशी होते, ते वापरू देण्याची मालकांची इच्छा कमी पडली.

हौशी प्रवासाचे चित्रही याच तऱ्हेने बदलले. एका फुलाचा फोटो, एका धबधब्याची रील पोचते आणि पुढच्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. साताऱ्याजवळच्या कास पठाराचा २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. त्याच्या फुलांची कीर्ती फोनने घरोघरी नेली आणि फुले पायदळी तुडवली जाऊ लागली. मग तिथे दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आली आणि ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. गर्दी जमवायला आणि गर्दी आवरायला साधन एकच होते. फरक पडला तो माणसांनी एकत्र बसून नियम केल्यामुळे.

मुलींच्या बाबतीत फोनने प्रवासाचे दार खरोखर उघडले आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तालुक्याच्या कॉलेजात, परीक्षेला पुण्याला, मुलाखतीला मुंबईला मुलगी एकटी जाऊ शकते, कारण ‘पोचलीस की फोन कर’ एवढ्यावर घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण त्याच फोनवरून लाइव्ह लोकेशन मागितले जाते, बस चुकून अर्धा तास उशीर झाला तर जाब विचारला जातो, आणि भावाकडून असा हिशेब कुणी घेत नाही. परवानगी मिळाली ती नजरेखाली राहण्याच्या अटीवर. याच्याशेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून बघा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागू झाले आणि एसटीत बायकांची गर्दी उसळली. माहेर, देवदर्शन, दवाखाना, आठवडी बाजार, सगळीकडे त्या जाऊ लागल्या. फोन त्यांच्याकडे आधीही होता. अडले होते ते भाड्यापाशी.

काही प्रवास तंत्रज्ञानाने खरोखर संपवला आहे आणि तो संपायलाच हवा होता. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याला गाठायचे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच माहीत. साहेब आज मिटिंगला गेलेत, उद्या या. उद्या वीज नाही, परवा या. परवा शिक्का दुसऱ्या गावी. त्या चकरांत शेतकऱ्याचे दिवस गेले, मजुराचा रोज बुडाला, चहापाण्याला वेगळे पैसे पडले. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि हे हेलपाटे पुष्कळ कमी झाले. रेल्वेच्या तिकिटासाठी पहाटेपासून खिडकीशी उभे राहणे कमी झाले. गिरणगावातून कोकणात आणि घाटावर जाणाऱ्या मनीऑर्डरची आठ-आठ दिवस वाट बघणारी घरे आज पैसे आल्याचा मेसेज क्षणात वाचतात. गरिबाच्या वेळेला किंमत असते, ती त्याच्या रोजाएवढी रोकडी असते. म्हणून त्याचा एक हेलपाटा वाचणे हे सधन माणसाच्या दहा सोयींपेक्षा मोठे काम आहे.

दु:ख याचे की त्याच यंत्रांनी नवे हेलपाटे जन्माला घातले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून पिकाचा फोटो अॅपवर चढवायचा. कल्पना चांगली आहे. नोंद शेतकऱ्याच्या हाती आली. पण शिवारात रेंज नसेल, सर्व्हर बंद असेल, म्हाताऱ्या खातेदाराकडे साधा फोन असेल, तर पाहणीचा जो भार आधी सरकारी माणसाच्या पायांवर होता तो आता त्या म्हाताऱ्याच्या पायांवर आला. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून हजेरीचे अॅप सक्तीचे झाले आणि मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो चढवणे आले. या कामाची मजुरी मोजमापावर ठरते. सकाळी लवकर येऊन, उन्हाच्या आत ठरलेली खोदाई उरकून बाई घरी जाऊ शकत होती, लेकराला घेऊ शकत होती, स्वतःच्या शेतात हात लावू शकत होती. दुसऱ्या फोटोसाठी तिला थांबावे लागते किंवा परत यावे लागते. भ्रष्टाचार रोखण्याचा हेतू कुणीही नाकारणार नाही. पण मुकादमाच्या खोट्या हजेरीचा दंड कष्टकरी बाईच्या तासांतून वसूल करणे हा न्याय नव्हे.

शहरात आपण जो प्रवास टाळतो तो बहुधा दुसऱ्याच्या वाट्याला जातो. किराणा, औषधे, गरम जेवण, एक विसरलेली कोथिंबिरीची जुडी, सगळे दारात येते. आपली खेप वाचली, रस्त्यावरची खेप मात्र गेली नाही. ती दुचाकीवरच्या मुलाने केली. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत त्यांची संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. डिलिव्हरी करणारी मुले त्यांतलाच एक मोठा वर्ग. त्यांना बहुधा ऑर्डरमागे पैसे मिळतात. हॉटेलबाहेर जेवण तयार होण्याची वाट बघत उभे राहणे, पुढची ऑर्डर येईपर्यंत झाडाखाली गाडीवर बसून राहणे, सोसायटीच्या फाटकावर नोंद करणे, हा वेळ सहसा कुणाच्याच हिशेबात धरला जात नाही. घरात बसलेल्याची वीस मिनिटे वाचली, फाटकाबाहेर उभ्या असलेल्याची वीस मिनिटे गेली, आणि दोघांच्या मधल्या अॅपवर फक्त वाचलेल्या मिनिटांची जाहिरात झळकते.

नोकरदाराला तरी वाचलेला वेळ पुरता मिळाला का? महासाथीनंतर घरून काम करणाऱ्यांच्या वेळेचा २७ देशांत अभ्यास झाला. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार घरून काम केल्याने प्रवासाची सरासरी ७२ मिनिटे दिवसाला वाचतात; भारतात हा आकडा ९९ मिनिटांचा आहे. या देशांची सरासरी पाहिली तर वाचलेल्या वेळेतला ४० टक्के वाटा पुन्हा नोकरीच्याच कामात जातो, आणि मुले-वृद्धांची काळजी घेण्याकडे ११ टक्के वळतो. हिंजवडीतल्या संगणक अभियंत्याला आकड्यांची गरज नाही. रात्री साडेनऊला अमेरिकेचा कॉल लागतो, जेवणाचे ताट झाकून ठेवले जाते, आणि सकाळी कचेरीत हजर राहायचा आठवड्यातला दिवस असेल तर तोही चुकत नाही. पूर्वी घर आणि कचेरी यांच्यामध्ये निदान एक रस्ता होता. तो रस्ता ओलांडला की माणूस सुटायचा.

आणि बाई? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि घरकामात हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. मधल्या पाच वर्षांत स्वस्त डेटा, घरपोच किराणा, पडद्यावरची शाळा, घरातून काम, सगळे काही येऊन गेले. बाईची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाची नऊ. म्हणजे अंतर जवळजवळ जिथल्या तिथे. उलट घरून काम करणारी बाई बैठकीत बोलता बोलता कुकरच्या शिट्ट्या मोजू लागली आणि दोन्ही कामे एकाच खोलीत, एकाच घटकेला तिच्या अंगावर आली. फोनने तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढले नाही, कचेरी स्वयंपाकघरात आणली.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. फोन बंद करायचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, रील बघायची सक्ती कुणी केली, रात्रीचा मेल सकाळी वाचावा, वेळेचे नियोजन ही ज्याची त्याची जबाबदारी आहे, असे अनेकजण म्हणतात. करमणुकीपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण वरिष्ठाचा रात्रीचा मेसेज वाचायचा की नाही, हे ज्याची बढती त्याच्या हातात आहे तो कर्मचारी ठरवू शकत नाही. दुसऱ्या फोटोसाठी थांबायचे की नाही हे मजूर बाई ठरवू शकत नाही. निळ्या खुणा उमटल्यावर उत्तर का आले नाही, याचा जाब सून कुणाला विचारू शकते? स्वातंत्र्य नकार देता येण्यात असते. जिथे नकार महाग पडतो तिथे व्यक्तीला शिस्तीचे धडे देऊन भागत नाही, नियम करावे लागतात. आठ तासांचा कामाचा दिवसही कामगारांच्या वैयक्तिक नियोजनातून आला नाही, तो लढून कायद्यात आणावा लागला.

मग करायचे काय? सर्वांत आधी, लादलेला प्रवास आणि हवासा प्रवास यांत फरक करायला शिकले पाहिजे. गणपतीला, वारीला, मैत्रिणीच्या लग्नाला, समुद्र बघायला जाणे हे वाचवायचे नसते; ते सुखाचे आणि स्वस्त करायचे असते. त्यासाठी गाड्या हव्यात, रस्ते हवेत, अर्ध्या तिकिटासारख्या योजना हव्यात. वाचवायचे आहेत ते हेलपाटे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे हे त्याखाली ठरलेले असते. माणसाला त्यासाठी किती चकरा माराव्या लागल्या, हे मात्र कुठे नोंदले जात नाही. ते नोंदले जावे. तीन दिवसांत दाखला मिळाला पण त्यासाठी चार खेपा झाल्या, तर ती सेवा नापास समजावी. कोणतीही सरकारी सेवा फक्त अॅपवर नसावी. ज्याच्याकडे फोन नाही, रेंज नाही, ज्याचा अंगठा कष्टाने झिजून यंत्राला ओळखू येत नाही, त्याला माणसाशी बोलून काम करून घेण्याचा हक्क असावा.

कामाच्या वेळेबाहेर संपर्काला नकार देण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली या विषयावर लोकसभेत खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. रात्रपाळी आणि परदेशी ग्राहक यांचा विचार करूनही असा कायदा होऊ शकतो, कारण तो काम थांबवायला सांगत नाही, घेतलेल्या तासाचा मोबदला द्यायला सांगतो. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाच्या वाट बघण्यालाही तोच न्याय लागू व्हावा. आणि घरात? तिथे कायदा पोचत नाही. तिथे इतकेच करता येते की सकाळच्या प्रवासाचा जो तास वाचला, त्यात ओट्याशी कोण उभे राहते याचा हिशेब पुरुषांनी स्वतःहून मांडावा.

नवे साधन येते तेव्हा त्याच्या वेगाचे कौतुक होते. ते करावे; पण लगेच विचारावे की कुणाचा वेळ वाचला, तो कुणाला मिळाला, आणि या वाचण्यासाठी कुणाला जास्त चालावे लागले. ज्या ग्रामसभेत, ज्या कामगार संघटनेत, ज्या विधिमंडळात हे प्रश्न विचारले जातील तिथे फोन माणसाच्या कामी येईल. जिथे ते विचारले जाणार नाहीत तिथे फोन कितीही वेगवान झाला तरी गरिबाचे, बाईचे आणि हाताखालच्या माणसाचे तास दुसऱ्याच्याच खात्यावर जमा होत राहतील.